रिपोर्ट नॉर्मल आहे, मग वजन का हलत नाही?

पत्र थोडक्यात असं: वाचक ४२ वर्षांच्या आहेत, नोकरी आणि घर दोन्ही सांभाळतात. पावणेदोन वर्षांपूर्वी अंग जड पडणं, थंडी सहन न होणं आणि पाळीत अंगावर जास्त जाणं या तक्रारींसाठी तपासण्या केल्या, तेव्हा टीएसएच (थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक) २८ निघाला. त्या दिवसापासून थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू आहे. आधीच्या तीन वर्षांत वजन १४ किलोंनी वाढलं होतं; गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत ३ किलो उतरलं आणि तिथेच अडलं. मागच्या तपासणीत टीएसएच १.९ होता, आता ३.८ आला. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे. तरी थकवा जात नाही, केस गळतात, पोट साफ होत नाही. चार महिन्यांपासून लोह आणि कॅल्शियम चालू आहे, केसांसाठी बायोटिनची गोळीही. विसरायला नको म्हणून सगळ्या गोळ्या सकाळी एकदम, कॉफीबरोबर घेतात. वजनासाठी गेले दोन महिने दिवसातून एकदाच जेवतात. एका सहकारी मैत्रिणीने थायरॉईडची गोळी स्वतःच वाढवली आणि तिचं वजन उतरलं. त्या विचारतात, "मीही दीड गोळी घेतली तर काय बिघडेल? की नवरा म्हणतो तसं थायरॉईड हे निमित्त आहे आणि खरा दोष माझ्या आळसाचा?"

नमस्कार ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात धोका आहे. दीड गोळी घेऊ नका. 'आठ दिवस घेऊन तर बघू' असंही नको. का, ते पुढे सविस्तर सांगते.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल एवढंच, की तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात मला आळस कुठे दिसला नाही. दिसली ती थकलेल्या शरीराकडून जबरदस्तीने काम करून घेणारी बाई. एक वेळ जेवून दिवसभर काम रेटणाऱ्या माणसाला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे, मग ते दुसऱ्याने म्हटलेलं असो की तुम्ही स्वतःच स्वतःला.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबते. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण बरंचसं उत्तर त्यातच असावं. 'विसरायला नको म्हणून सगळ्या गोळ्या सकाळी एकदम, कॉफीबरोबर.' थायरॉईडची गोळी पचनमार्गात शोषली जाण्याच्या बाबतीत फार नाजूक असते. लोह आणि कॅल्शियम तिला आतड्यातच धरून ठेवतात, त्यामुळे तिचा काही भाग रक्तापर्यंत पोचतच नाही. कॉफीनेही शोषण कमी होतं. म्हणजे कागदावर तुम्ही ७५ मायक्रोग्रॅम घेताय, पण शरीराच्या पदरात त्याहून कमी पडत असणार. आता तारखा जुळवून पाहा. टीएसएच १.९ आला तेव्हा लोह-कॅल्शियम सुरू झालेलं नव्हतं. ते सुरू झाल्यानंतरच्या तपासणीत आकडा ३.८ वर गेला. योगायोगही असू शकेल, टीएसएच थोडाफार खालीवर होतच असतो. पण मला हा योगायोग वाटत नाही. तुमच्या डॉक्टरांना नुसता आकडा दिसला, तो मर्यादेत होता, म्हणून त्यांनी नॉर्मल म्हटलं. गोळ्या कशा घेता हे त्यांनी विचारलं नसेल, आणि तुम्हालाही ते सांगण्याजोगं वाटलं नसेल.

म्हणून डोसला हात लावण्याआधी वेळ बदला. थायरॉईडची गोळी सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, फक्त पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, कॉफी किंवा खाणं नको. लोह आणि कॅल्शियम या गोळीपासून चार तास लांब ठेवायचं. ते दोन्हीही एकमेकांपासून वेगळ्या वेळी घेतलेले बरे, कारण कॅल्शियममुळे लोहाचंही शोषण घटतं. एक दुपारी, एक रात्री, असं काहीतरी बसवता येईल. ॲसिडिटीच्या गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यातल्या बऱ्याच गोळ्या थायरॉईडच्या गोळीच्या आड येतात. सकाळच्या धावपळीत अर्धा तास थांबणं शक्यच नसेल, तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घेण्याचा पर्याय आहे. तो डॉक्टरांना विचारून निवडा. मात्र एकदा वेळ ठरली की रोज तीच पाळायची. गोळी उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवलीत तर विसरण्याची धास्तीही राहणार नाही. एखाद्या दिवशी चुकलीच तर घाबरू नका. हे औषध रक्तात बराच काळ टिकतं, अर्धं व्हायलाच त्याला साधारण आठवडा लागतो.

याच कारणाने फरक दोन दिवसांत दिसणार नाही. वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४ (गोळीतून मिळणारं थायरॉईड संप्रेरक) पुन्हा तपासून घ्या. त्याआधी तपासलं तर अर्धवट चित्र दिसतं, आणि त्यावरून घेतलेला निर्णयही अर्धवटच ठरतो.

तपासणीच्या आधी आणखी एक करा. बायोटिन निदान दोन दिवस बंद ठेवा. डोस मोठा असेल तर त्याहून जास्त दिवस लागतील, ते लॅबला किंवा डॉक्टरांना विचारा. बायोटिनने थायरॉईड बिघडत नाही, बिघडतो तो रिपोर्ट. अनेक लॅबमध्ये चाचणीच्या रसायनातच बायोटिनचा वापर असतो, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसू शकतो. म्हणजे तुमचा खरा टीएसएच ३.८ पेक्षा वर असण्याची शक्यता आहे. केसांच्या गोळ्यांना कुणी औषध समजत नाही, म्हणून त्यांचा उल्लेखही होत नाही. हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, डॉक्टरांकडे जाताना घरात असलेली प्रत्येक गोळी एका पिशवीत घालून न्या, 'साधी व्हिटॅमिन' म्हणून घेतलेलीसुद्धा.

आता मैत्रिणीकडे वळते. तिचं वजन उतरलं हे खरंच असेल. गरजेपेक्षा जास्त थायरॉईड संप्रेरक शरीरात गेलं की वजन उतरतंच. पण उतरतं त्यात स्नायूही असतात, नुसती चरबी नव्हे. भूक वाढते, हात थरथरतात, झोप उडते, छातीत धडधडतं. हे बराच काळ चाललं तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. पाळी जाण्याच्या वयाकडे निघालेल्या बाईला हाडांची ही किंमत परवडणारी नाही. अमेरिकेत तर या गोळीच्या माहितीपत्रकावर औषध नियामकांनी चौकटीत इशारा छापायला लावला आहे, की लठ्ठपणा किंवा वजन कमी करण्यासाठी ही वापरू नये. आणि तुमच्या बाबतीत एक जादा धोका आहे. समजा, तुम्ही दीड गोळी सुरू केलीत आणि हे उत्तर वाचून गोळीची वेळही सुधारलीत, तर आजवर वाया जाणारं औषधही अंगी लागू लागेल आणि वरून अर्धी गोळी जादा. म्हणजे एकदम मोठी उडी. डोस वाढवावा लागणारच नाही असं मी म्हणत नाही. तो वाढवायचा का, किती, हे नीट घेतलेल्या गोळीनंतरच्या आकड्यावरून आणि तुमच्या त्रासावरून डॉक्टरांनी ठरवायचं.

मैत्रिणीला मात्र हे सांगाच. धडधड होत असेल तर तिने थांबू नये, लगेच दाखवावं.

वजनाबद्दल तुमच्या मनात एक हिशेब पक्का बसलाय असं पत्रावरून वाटतं. थायरॉईडमुळे १४ किलो वाढले, तर थायरॉईड नीट झाल्यावर १४ किलो उतरले पाहिजेत; उतरले नाहीत म्हणजे गोळी कमी पडते, नाहीतर मी. हा हिशेबच तपासून पाहू. थायरॉईड मंदावल्याने थेट वाढणारं वजन बहुतेकांच्या बाबतीत साधारण दोन ते साडेचार किलो असतं, आजार तीव्र असेल तर जास्त. त्यातही मोठा वाटा चरबीचा नसतो, अंगात साठलेल्या पाण्याचा आणि क्षारांचा असतो. म्हणून तर तेव्हा सकाळी डोळ्यांखाली सूज यायची, अंगठी रुतायची. गोळी सुरू झाल्यावर सुरुवातीला उतरलं ते बहुधा हेच वजन. तुमचे ३ किलो उतरले म्हणजे गोळीने तिचं काम केलं. उरलेले ११ किलो तिच्या आवाक्यातले नाहीत, आणि तिच्याकडून ती अपेक्षा ठेवलीत तर दर महिन्याला काट्यावर उभं राहून तुम्ही हरल्यासारख्या परत याल.

मग ते ११ किलो आले कुठून? मला इथून ठामपणे सांगता येणार नाही, पण तुम्ही आठवून पाहू शकता. निदान व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं तुम्ही अशा थकव्यात काढलीत की जिना चढणंही नको व्हायचं. चालणं कमी झालं असेल. थकलेलं माणूस तरतरी यावी म्हणून गोड किंवा चटकन मिळेल ते खातं, हे अगदी स्वाभाविक आहे. झोप बिघडली असेल. चाळिशीनंतर स्नायू राखायचे तर मुद्दाम मेहनत घ्यावी लागते, आणि त्या काळात तेवढं बळच नव्हतं. थायरॉईडचा यात हात आहेच, फक्त तो आडून आहे. ही वाढ गोळीने आपोआप उतरत नाही. मात्र थायरॉईड ताब्यात असेल तर ती इतर कुणाचंही वजन उतरतं त्याच मार्गाने उतरू शकते. माझ्या मते तुमच्या साऱ्या प्रश्नात सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट हीच आहे.

आणि म्हणूनच एकवेळच्या जेवणाबद्दल मला काळजी वाटते. एक जेवण ठरवून, पुरेसं आणि चौरस खाणं निराळं. तुमच्या पत्रात दिसतं ते मन मारून उपाशी राहणं. शरीराला फार कमी अन्न मिळायला लागलं की ते खर्चाला कात्री लावतं. त्यातली एक कात्री थायरॉईडच्याच वाटेवर चालते: टी-४ चं टी-३ मध्ये होणारं रूपांतर कमी होतं, आणि टी-३ हेच पेशींमध्ये खरं काम करणारं संप्रेरक. म्हणजे एका हाताने गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचं काम रोखायचं, असं तुमच्याकडून नकळत होत असेल. सोबत स्नायू झिजतात, केस आणखी गळतात, बद्धकोष्ठ वाढतं. तुम्ही ज्या तक्रारी थायरॉईडच्या नावावर टाकल्यात, त्यातल्या काही या उपासमारीच्याही असतील.

तेव्हा आधी जेवायला लागा. दिवसातून दोन-तीन वेळा, ठरलेल्या वेळी, प्रत्येक जेवणात प्रथिनं आणि भाज्या. कपात करायची ती हळूहळू, म्हणजे आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तरी भरपूर झालं. पहिल्या आठवड्यात काटा थोडा वर गेला तर हबकू नका. पोटात अन्न असतं, त्याचंही वजन असतं. काट्यावर रोज उभं राहणं सोडा. पाळीच्या आसपास पाण्यानेच किलो-दीड किलोचा फरक पडतो आणि तेवढ्यावरून सगळा दिवस वाईट जातो. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी वजन करा आणि महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. कंबर कमी होत असेल तर काटा गप्प असला तरी काम चाललेलं आहे.

व्यायामाचं म्हणाल तर प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, अशी आहे. आज तुम्हाला हा डोंगर वाटेल. मग दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, आठवड्याला थोडं वाढवा. पण स्नायूंचा व्यायाम टाळू नका. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. थायरॉईड अजून पुरता ताब्यात नसेल तर स्नायू लवकर दुखतात आणि सावरायला वेळ घेतात, म्हणून एक दिवसाआड करा.

आता थकवा. 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ तुम्हाला त्रास नाही असा होत नाही. थायरॉईडचा आकडा मर्यादेत आहे, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या अंगावर जास्त जातं. थायरॉईड मंद असताना असं बऱ्याच जणींना होतं, आणि त्यातून रक्त कमी होतं. थकवा, केस गळणं, धाप, थंडी वाजणं ही यादी शरीरातलं लोह घटल्याचीही आहे. तुम्ही लोह घेताय, पण कॅल्शियम आणि कॉफीबरोबर घेतल्याने तेही पुरतं अंगी लागत नसणार. वर लोहाच्या गोळीने पोट जड होतं ते वेगळंच. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासून घ्या. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो, आणि हिमोग्लोबिन बरं असतानाही तो रिकामा असू शकतो. थायरॉईड उपचाराखाली असूनही पाळीत इतकं जात असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. गर्भाशयातल्या गाठी किंवा पाळी जाण्याआधीचे बदल अशी दुसरी कारणं असू शकतात आणि त्यांवर उपाय आहेत. हा त्रास अंगावर काढू नका.

त्याच भेटीत बी-१२, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल पाहायचं का, हेही विचारा. थायरॉईड मंदावण्याचं सर्वात सर्रास आढळणारं कारण हाशिमोटोचा आजार, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेनेच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. हा आजार असलेल्यांमध्ये बी-१२ चं शोषण बिघडवणारा आजार किंवा ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) न चालणारा सीलिॲक आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. घोरणं, रात्री श्वास अडकून जाग येणं, सकाळी डोकं जड असणं, असं काही होत असेल तर झोपेची तपासणीही महत्त्वाची. आणि मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना तितक्याच मोकळेपणाने सांगा. नैराश्य आणि मंद थायरॉईड एकमेकांसारखे दिसतात, कधी सोबतही येतात.

खाण्यापिण्याच्या पथ्यांवर फार शब्द खर्च करत नाही, कारण 'थायरॉईडचा आहार' म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं विसरलं तरी चालतं. शिजवलेला कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खाऊन काही बिघडत नाही. सोयाचे पदार्थ चालतात, फक्त गोळीच्या वेळेपासून दूर. सीलिॲक आजार नसेल तर ग्लूटेन सोडून थायरॉईड बरा होत नाही. आयोडीनच्या आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका, हाशिमोटोत जादा आयोडीनने प्रकरण बिघडू शकतं.

'आयुष्यभर गोळी घ्यावी लागणार' असंही तुम्ही शेवटी हताश होऊन लिहिलंय. जॉर्ज मरे या इंग्लिश डॉक्टरने १८९१ साली मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका ४६ वर्षांच्या बाईवर उपचार केले. त्याआधी या आजाराला उपचार नव्हता. माणसं सुजत, मंदावत, आणि मरत. ती बाई पुढे ७४ वर्षांची होईपर्यंत जगली. आज त्या अर्काच्या जागी तुमच्या शरीरात बनतं तेच संप्रेरक मोजून-मापून एका लहानशा गोळीत येतं. तुमची ग्रंथी जे देऊ शकत नाही ते ती भरून काढते. तिच्याबद्दल राग धरू नका. ती उष्णतेपासून आणि दमटपणापासून दूर ठेवा, कंपनी बदलली तर पुन्हा टीएसएच तपासा. हे वाचणाऱ्या ज्या मुली गोळी घेत असतील आणि ज्यांना मूल हवं असेल, त्यांनी गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, आणि पाळी चुकताच लगेच कळवावं. गरोदरपणात बहुतेकींना डोस वाढवावा लागतो, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी ते पहिले आठवडे मोलाचे असतात.

राहिले तुमचे यजमान. त्यांच्या बोलण्याने तुम्हाला लागलंय ते कळतं. त्यांच्या डोळ्यांना दिसतं ते एवढंच, की गोळी चालू आहे, रिपोर्ट चांगला आहे, तरी बायको दमलेली आहे. वाद घालून हे समजावता येणार नाही. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा, की टीएसएच मर्यादेत असतानाही थकवा राहू शकतो का. घरी आल्यावर नेमकं मागा: सकाळी गोळीनंतरचा अर्धा तास स्वयंपाकघराकडे त्यांनी बघायचं, आणि संध्याकाळी चालायला सोबत यायचं. भेटीला जाताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: कुठली गोळी किती वाजता घेता, पाळीत किती दिवस आणि किती जातं, आणि दिवसातल्या कुठल्या वेळी थकवा सर्वात जास्त असतो. आधी बोलायचं ते या कागदावर, वजनाची गोष्ट नंतर काढा.